कोपऱ्यातली टोपली

निघायच्या दिवशी माझ्या दोन्ही बॅगा आम्ही बेदाण्याच्या शेडमधल्या काट्यावर चढवल्या. विमानाला एका बॅगेत तेवीस किलो चालतात, वर एक चिमूट नाही, असं लेकीनं फोनवर बजावलं होतं, आणि आमच्याकडं काटा म्हणजे तोच, पेट्या तोलायचा. ऑक्टोबर सरत आलेला. हंगाम कधीच संपला होता, शेड रिकामी होती. वर एकाखाली एक ताणलेल्या हिरव्या जाळ्या, आणि त्यांतून गाळून येणारा उजेड आमच्या तोंडावर पाण्यासारखा हलत होता. माझी धाकटी जाऊ मालन बॅग ठेवायची, आकडा बघायची, माझी एक साडी बाहेर काढायची आणि तिच्या जागी बेदाण्याची पिशवी कोंबायची. अगं, साड्या लागतील तिकडं, मी म्हणायचे. तिकडं तुमची साडी बघायला कोन बसलंय, आक्का, ती म्हणायची. शेवटी काटा तेवीसवर थांबला तेव्हा बॅगेत साड्या चार आणि बेदाणा पाच किलो, असा निकाल लागला होता.

शेडच्या दाराशी आम्हा निवडणाऱ्या बायकांचे पाट भिंतीला ओळीनं टेकवून ठेवलेले असतात. हंगामात त्या पाटांवर बसून आम्ही बेदाणा निवडतो. ज्याची त्याची जागा ठरलेली, ज्याचा त्याचा पाट ठरलेला. माझा दाराजवळचा, सगळ्यात जुना. मालननं तो उचलला, पदरानं पुसला आणि होता तिथं पुन्हा ठेवला. "फाल्गुनापतुर या," म्हणाली. "न्हाई आला तरी पाट कुनाला देत न्हाई मी."

मी जीपमध्ये बसले. मागं वळून बघितलं तर शेडच्या दारात ती उभी, आणि तिच्या पाठीमागं सगळं हिरवं हिरवं. झोपेत दिसतं तसं.

शेडमधल्या बायांनो, हे मी तुमच्यासाठी लिहितेय. आणि माझ्यासारख्याच लेकीच्या नाहीतर लेकाच्या मागं निघून, कुठल्या कुठल्या गावी परक्या खिडकीशी जाऊन बसलेल्या सगळ्या जणींसाठी. लिहिणं म्हणजे तरी काय, बोलायला कुणी नसलं की मी वही काढते. मी सातवी शिकलेली. पुढचं सगळं वाचन पाचगणीतलं. माझे वडील तिथं एका बोर्डिंग शाळेत माळी होते. मुलं सुट्टीला घरी गेली की वर्गात मागं पडलेली फाटकी पुस्तकं ते मला आणून द्यायचे. कशाला पुढची पानं नसायची, कशाला मागची. गोष्ट अर्ध्यात तुटली की पुढचं मी मनानं रचायचे. ती सवय अजून गेलेली नाही, तेव्हा मी कुठं वाहवत गेले तर समजून घ्या.

पाचगणीच्या धुक्यात वाढले, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन तासगावला आले. तो माझा पहिला वनवास. काय ऊन होतं ते! डोळे उघडवत नव्हते. सगळं कसं लख्ख, लांबवर द्राक्षाच्या बागा, आडोसा म्हणून नाही. धुक्यात वाढलेल्या माणसाला उन्हात उघडं पडल्यासारखं वाटतं, हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. सांगून कोण ऐकणार. सहा महिने गेले, वर्ष गेलं, आणि एका उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की मी माहेरी जाऊन धुक्याला कंटाळले आहे आणि मला शेडचा वास आठवतोय. गोड, जरासा आंबूस, उन्हात वाळणाऱ्या द्राक्षाचा. तेव्हा समजलं, झालं, आता आपण इथल्याच.

आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा धुकं नशिबी आलं. हॅलिफॅक्स म्हणून कॅनडात गाव आहे, समुद्राच्या अगदी कडेला. सकाळी उठावं तर खिडकीबाहेर काही नाही. समोरची इमारत नाही, रस्ता नाही, समुद्र तर नाहीच. नुसता बंदरावरच्या भोंग्याचा आवाज, मोठ्या म्हशीनं लांब कुठंतरी हंबरावं तसा. पहिल्या आठवड्यात मी खिडकीशी उभी राहून चक्क वडिलांची वाट बघायचे. वाटायचं, आता या धुक्यातून खांद्यावर फावडं टाकून येतील. लहानपणी शाळेच्या वाटेवर मी घाबरले की ते म्हणायचे, "धुक्यात पायापुरतं बघायचं, पोरी. लांबचं आपसूक जवळ येतंय." मग मी पायापुरतं बघायला लागले. गॅस कसा लावायचा. हीटर कुठं फिरवायचा. बसमध्ये कार्ड कुठं टेकवायचं. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला गुड मॉर्निंग कधी म्हणायचं आणि कधी नुसती मान हलवायची.

आता लेकीबद्दल सांगते, कारण सगळी गोष्ट तिचीच आहे. उज्ज्वला, आमची उजू. ती माणसाचा मेंदू आणि शिकणारं मशीन, या दोन्हींचा अभ्यास करते. मी हे कुणाला सांगितलं की लोक एकतर तिला डॉक्टर समजतात नाहीतर कॉम्प्युटरवाली. ती दोन्ही नाही, आणि थोडी थोडी दोन्ही आहे.

याची सुरुवात मिरजेच्या दवाखान्यात झाली. उजू बारावीला होती. तिच्या अण्णांना, म्हणजे माझ्या मालकांना, बागेत फवारणी करताना झटका आला, उजवं अंग गेलं. सतरा दिवसांनी घरी आणलं. पाय ओढत का होईना चालायला लागले, पण शब्द गेले. पाण्याला पाणी म्हणता येईना. मला त्यांनी जन्मात नावानं हाक मारली नव्हती, त्यामुळं माझं काही अडलं नाही. पण उजूचं नाव त्यांच्या ओठावर यायचं आणि फिरून माघारी जायचं, आणि ते दोघं एकमेकांकडं बघत बसायचे.

मग हंगाम आला. घरी एकटे कसे ठेवायचे, म्हणून आम्ही त्यांना शेडमध्ये बायकांच्या ओळीत खुर्ची टाकून दिली. पुढ्यात लाकडी पेटी, पेटीवर ताटात बेदाणा, शेजारी आमची रोजची पितळी वाटी. नुसतं बसायला म्हणून. थोड्या वेळानं बघते तर त्यांचा डावा हात चाललाय. हिरवा दाणा इकडं, पिवळा तिकडं, काळपट खाली, मधूनच एखादा वाटीत. सावकाश, पण एक चूक नाही. बेदाणा हा शब्द तोंडात उरला नव्हता, पण बेदाणा हातात शाबूत होता. उजू दाराला टेकून किती वेळ बघत होती. मग मला म्हणाली, "आई, शब्द गेले ते कुठं गेले, आणि हे राहिलं ते कुठं राहिलं?"

देवाला माहीत, मी म्हणाले.

"मला बघायचंय," ती म्हणाली.

बस, तेवढ्यावर पोरगी निघाली. पुढल्या वर्षी मिरज जंक्शनवरनं तिनं बंगळुरूची गाडी धरली. गाडी हलायच्या आधी अण्णांनी खिशातनं चार दाणे काढून तिच्या तळहातावर ठेवले आणि तिची मूठ मिटवली. बोलता येत नव्हतं, तर तेवढंच. ते पुढं पाच वर्षं होते. ती बंगळुरूहून कॅनडाला गेली तेव्हा नव्हते.

उजूचं काम मला कळायला वेळ लागला, पण कळलं, आणि ते तिच्यापेक्षा आमच्या शेडमुळं कळलं. बघा, शेडमध्ये नवी बाई निवडायला आली की आपण तिला काय शिकवतो? काही नाही. आठ दिवस तिला जुन्या बाईच्या डाव्या हाताला बसवायचं. तिनं नुसतं बघायचं. तिनं विचारलं की हा दाणा पहिल्या मालाचा का आणि तो दुसऱ्या मालाचा का, तर आपल्याला सांगता येतं का? आपण म्हणतो, दिसत न्हाई व्हय तुला. नवव्या दिवशी तिचा हात आपोआप चालायला लागतो. उजूचं मशीन तसंच आहे. त्याला नियम सांगायचे नाहीत, हजारो दाणे दाखवायचे, आणि जुनी बाई कुठला दाणा कुठं टाकते ते दाखवायचं. ते बघून बघून शिकतं. आणि मग उजू जुन्या बाईच्या मेंदूत डोकावते, मशीनच्या आत डोकावते, आणि म्हणते, बघूया, दोघांनी एकाच वाटेनं ओळखलं की वेगवेगळ्या.

तर ती जुनी बाई म्हणजे मी. म्हणून मला बोलावलं. लोकांना वाटतं नातवंडं सांभाळायला गेली. नातवंडंच नाहीत, मी मशीन सांभाळायला गेले.

आणि आता खरं ते सांगते, कारण ते लपवलं तर ही वही काळी करण्यात अर्थ नाही. उजूची नेमणूक तीन वर्षांची होती. दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये तिनं काम दाखवायचं, जाणती मंडळी ते बघणार. पटलं तर तिला पाच वर्षं स्वतःची प्रयोगशाळा. नाही पटलं तर नेमणूक संपेल तशी गाशा गुंडाळायचा. तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, नाही जमलं आई, तर मी पुण्याला येऊन कुठंतरी शिकवीन, तू तुझ्या शेडमध्ये जा. ती हे सांगायची तेव्हा तिचा चेहरा उतरायचा. माझ्या कानाला मात्र ते इतकं गोड लागायचं की मी पुन्हा विचारायचे, खरंच का गं? स्वयंपाकघरात फ्रिजवर माझा छोटा गणपती आहे. सकाळी दिवा लावताना तोंडानं मी म्हणायचे, पोरीचं चांगलं कर. आणि आत, अगदी आत, म्हणायचे, पण आम्हाला घरी ने.

पहिला सगळा हिवाळा मी खिडकीशी बसून दाणे निवडले. खरे नव्हेत, टॅबवरचे. आमच्याच शेडमधल्या बेदाण्याचे फोटो उजूनं काढून आणले होते, एकेका दाण्याचा एकेक फोटो. पडद्यावर दाणा यायचा, खाली चार टोपल्या काढलेल्या. तीन ओळीनं, पहिला माल, दुसरा माल, तिसरा माल. चौथी टोपली जरा बाजूला, कोपऱ्यात एकटी. उजूनं सांगितलं, जे मालात धरायचं नाही ते हिच्यात टाक. बोटानं दाणा ढकलायचा की तो टोपलीत जायचा आणि दुसरा यायचा. बाहेर धुकं, नाहीतर बर्फ, आत हीटरची ऊब, आणि पडद्यावर एकामागून एक हिरवे दाणे. कधीकधी मला वाटायचं मी तासगावातच आहे आणि हे बर्फाचं गाव मला दुपारच्या डुलकीत दिसतंय. मालन आणि शेडमधल्या आणखी दोघींनाही उजूनं असाच टॅब पाठवला होता. पण त्यांचं काम तिनं उघडून बघितलं नव्हतं. मशीननं शिकायचं माझ्याकडून आणि शेवटी परीक्षा द्यायची त्या तिघींच्या कामावर, आणि परीक्षेच्या आधी पेपर बघायचा नसतो, असं ती म्हणाली. अभ्यासाच्या बाबतीत पोरगी पहिल्यापासून सोवळी.

मग मला मेंदू बघायच्या मशीनमध्ये घातलं. अंगावर धातू चालत नाही, म्हणून कानातल्या कुड्या काढल्या, आणि नाकातली चमकी निघता निघेना. बेचाळीस वर्षांत ती नाकाबाहेर आली नव्हती. शेवटी उजूनं साबण लावून काढली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, आई, तू कुणी वेगळीच दिसतेस. आत बोगद्यासारखं असतं. हलायचं नाही. डोळ्यांपुढं आरसा, आरशात तेच दाणे, आणि आवाज असा की दहा सुतार एकदम ठोकतायत. मला भीती वाटेल असं सगळ्यांना वाटत होतं. मला तर दुपारच्या शेडमध्ये आडवं झाल्यासारखं वाटलं. तो ठोकण्याचा आवाज हळूहळू पेट्यांना खिळे मारल्यासारखा झाला, वरनं हिरवा उजेड आला, उजूचे अण्णा खुर्चीवर बसलेले दिसले. मी त्यांना म्हणाले, जरा सरका. बाहेर काढलं तेव्हा उजू म्हणत होती, आई, तू झोपलीस का काय?

माझ्या मेंदूचा फोटो तिनं मला छापून दिला. बघून मी इतकी हसले. अहो, सुरकुत्या सुरकुत्यांचा भला थोरला बेदाणाच तो. मी तो फ्रिजवर गणपतीच्या खाली लावून ठेवलाय.

दुसरा फेब्रुवारी आला. तिकडं बागा तोडणीला आल्या असतील, मालन रोज फोनवर सांगायची, आक्का, अवंदा माल लय गोड हाय, तुमी कवा येताय. आणि इकडं उजूनं तिच्या मोठ्या बाईंना मशीन चालवून दाखवलं. मोठ्या बाई म्हणजे तिच्या विभागाच्या प्रमुख, भली बाई, मला बघितलं की दोन्ही हात जोडते. मशीनला कॅमेऱ्याखाली खरा बेदाणा दिला. त्यानं तिन्ही माल बरोबर लावले. कोपऱ्यातल्या टोपलीत मात्र काड्या टाकल्या, खडे टाकले, किडका दाणा टाकला, आणि त्यांच्यातच सगळ्यात देखणे, काचेसारखे हिरवे दाणे टाकले. एक नाही, दोन नाही, वेचून वेचून. जणू त्याला उत्तम कळत होतं, आणि उत्तमाचाच राग होता.

हे मला उजूनं सांगितलं नाही. दोन दिवस ती ताटातला भात नुसता चिवडत होती, तेव्हा मीच खोदून खोदून विचारलं. मोठ्या बाई काही वाईट बोलल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या होत्या की तुझी आई थकली असेल, वयानं नजर चुकते, तिचं काम बाजूला ठेव. पण ते बाजूला ठेवलं तर पुन्हा वर्षभर शिकवावं लागणार, आणि मार्च तर पंधरा दिवसांवर आलेला.

बायांनो, त्या दिवसापासून मी मनात एकेक दाणा पुन्हा ढकलून बघत होते. मला चुकल्याचं आठवत नव्हतं. एकही दाणा मी मन लावल्याशिवाय ढकलला नव्हता. पण मग हे झालं कसं? आणि मला वाटायला लागलं, मनातलंच हातात उतरलं. मी देवापुढं जे आतल्या आत मागत होते ते माझ्या बोटानं ऐकलं. लेकीनं अण्णांच्या हातापासून इथवर जे रचत आणलं होतं, ते मी घरी जायच्या ओढीनं एकेक दाणा करून उसकटलं.

रविवारची दुपार होती. मी भाकरी थापत होते, ती समोर स्टुलावर बसली होती, खिडकी पांढरी झाली होती. माझ्यानं राहवलं नाही. मी पिठाच्या हातानंच तिला सगळं सांगितलं. गणपतीचं सांगितलं, पाटाचं सांगितलं. म्हणाले, "उजू, मीच केलं असंल ते. मला घरी जायचं होतं."

तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती तिनंच उलटली. मग म्हणाली, "मला माहीत आहे तुला जायचंय. पण आई, तू चुकीचं निवडायचं म्हणून बसलीस ना, तरी तुला जमायचं नाही. तुझा हात तुझं ऐकत नाही." आणि उठली, मालननं दिलेल्या बेदाण्याची शेवटची पिशवी फोडून तिनं टेबलावर वर्तमानपत्रावर ओतली. "निवड," म्हणाली. "मी आठ दिवस डाव्या हाताला बसते."

आठ दिवस लागले नाहीत. मी हात धुतले, बसले, आणि हाताला दाणा लागल्याबरोबर मनातलं सगळं मागं गेलं. पहिला इकडं, दुसरा तिकडं. मध्येच एक दाणा हाताला आला. तो कसा ते मला सांगता येणार नाही. फार मोठा नव्हे, पण उजेड आत धरून बसलेला. मी हात लांब करून शेजारची आमटीची रिकामी वाटी ओढली आणि त्यात तो टाकला. थोड्या वेळानं आणखी एक.

"आई," उजू म्हणाली, "हे काय केलंस?"

काय केलं, मी म्हणाले.

"वाटीत टाकलास. अण्णा टाकायचे तसा."

परक्यांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आमच्या शेडमध्ये ही रीत माझ्या सासूच्याही आधीपासूनची. निवडताना जो दाणा हाताला थांबवतो, तो विकायचा नाही. तो देवाचा. दारापाशी पितळी वाटी असते, तिच्यात टाकायचा. संध्याकाळी वाटी देवापुढं ठेवायची आणि मग ती ज्याला गरज त्याच्या हातावर. घरात बाळंतीण असेल, कुणी आजारातनं उठलं असेल, कुणी गाव सोडून निघालं असेल, त्याला. तो दाणा मालात कधी धरायचा नाही. आणि उजूनं मला काय सांगितलं होतं? मालात धरायचं नाही ते कोपऱ्यातल्या टोपलीत. मग देवाचा दाणा मी दुसरीकडं कुठं टाकणार होते? टॅबवर काढलेला असला म्हणून काय झालं.

उजूनं तिथल्या तिथं मालनला फोन लावला. आमची दुपार म्हणजे तासगावात रात्रीची निजानीज, पण मालननं उचलला. उजूनं विचारलं, काकी, टॅबवर कोपऱ्यातल्या टोपलीत तुम्ही काय काय टाकलंत?

"काड्या टाकल्या, खडं टाकलं," मालन झोपेतच सांगत होती, "आन देवाचं टाकलं."

"देवाचं का टाकलंत, काकी?"

पलीकडं झोप पार उडाली. मग मालन म्हणाली, "आगं, मशिनीत हाय म्हनून देवाचं काढायचं न्हाई व्हय? शिकून यडी झालीस का काय?"

उजू हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं, आणि ती फोन तसाच हातात धरून माझ्या पिठाच्या पदरात तोंड खुपसून बसली, मिरज स्टेशनवर जाताना जीपमध्ये बसली होती तशी. पलीकडनं मालन विचारत होती, आक्का, काय झालं, पोरगी बरी हाय न्हवं. मी म्हणाले, बरी आहे, तू झोप.

दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या बाईंना सांगून तिघींचं बंद ठेवलेलं काम उघडलं. मालननं आणि त्या दोघींनी, तिकडं समुद्रापार बसून, एकमेकींना न विचारता, देवाचे म्हणून बहुतेक तेच दाणे काढले होते जे मी काढले होते. माझी नजर चुकली नव्हती. माझ्या मनातलं हातात उतरलं नव्हतं. आणि मशीनही वेडं नव्हतं. त्याला आमची रीत लागली होती, ती रीत आहे हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये उजूनं तेच मांडलं. मला सगळं कळलं नाही, पण तिनं घरी येऊन सांगितलं ते असं. त्या दाण्याशी आलं की माझ्या मेंदूत दुसऱ्याच कुठल्या कोपऱ्यात हालचाल होते, पहिल्या-दुसऱ्या मालाच्या वेळी होते तिथं नाही. का होते ते तिला अजून माहीत नाही. कदाचित तिचं चुकतही असेल, ती म्हणते, बघावं लागेल, खूप दिवस बघावं लागेल. त्या मंडळींनी तिला ते खूप दिवस दिले. पाच वर्षं. टॅबवर आता तीन टोपल्या, एक कचऱ्याचा डबा, आणि एक वाटी आहे. वाटी तिनं स्वतः काढलीय, पितळेच्या रंगाची.

मी साखर घालून शिरा केला. त्यात बेदाणा घातला. खालच्या म्हातारीला वाटी नेऊन दिली. पोरगी त्या दिवशी घरात गुणगुणत फिरत होती, लहानपणी वह्यांना कव्हरं घालताना गुणगुणायची तशी. आणि मी हसत होते, खरंच हसत होते, आणि आतून एकेक जाळी कुणीतरी सोडवून गुंडाळत नेतंय असं वाटत होतं. पाच वर्षं म्हणजे मी अडुसष्टची. म्हणाली ती, आई, तू जा पाहिजे तर, मी राहीन. मी तिच्याकडं बघितलं. जी मूठ तिच्या अण्णांनी मिटवली होती, ती उघडून बघायला तिला अठरा वर्षं लागली होती. तिला आत्ता टाकून मी कुठं जाऊ? जाईन, महिना-दोन महिने जाऊन येईन. पण ते जाणं आता माहेरपणासारखं, परतीचं तिकीट आधी काढून.

म्हणून मीच मालनला फोन केला. तिकडं संध्याकाळ होती, शेड सुटायची वेळ, मागं बायकांचा कालवा ऐकू येत होता. मी बरंच इकडचं तिकडचं बोलले, मालाचं विचारलं, अवकाळी पावसाचा धाक आहे का विचारलं. आणि मग म्हणाले, मालन, माझा पाट कुणाला तरी दे. नवी कुणी आली असेल तिला दे. उगीच जागा अडवून राहतो.

"न्हाई द्यायचा," मालन म्हणाली.

अगं, पण मी येत नाही आता.

"ठावं हाय. म्हनून तर त्येच्यावर वाटी ठिवलीया."

तिनं फोन ठेवला आणि जरा वेळानं फोटो पाठवला. बायका ओळीनं बसल्यात, सगळ्यांच्या तोंडावर हिरवा उजेड, आणि दाराजवळ, माझ्या जागी, पुसून लख्ख केलेला पाट. पाटावर पितळी वाटी.

इथं बसमध्ये कुणी विचारतं, तुमचं घर कुठं? आधी मी तासगाव म्हणायचे, आणि मग समोरच्याचा चेहरा बघून इंडिया म्हणायचे. आता मी थोडा वेळ काढते. बाहेर धुकं असतं. सांगावंसं वाटतं, जिथं माझ्याइतकी जागा सोडून माणसं ओळीनं बसलीत, आणि त्या जागेवर चांगलं तेवढं ठेवलं जातंय, तिथं. पण एवढं इंग्रजी मला येत नाही, म्हणून मी बंदराकडं हात करते, भोंगा वाजतो त्या बाजूला, आणि म्हणते, तिकडं.

काल पुन्हा तो फोटो काढून बघितला. दोन बोटांनी ताणून ताणून वाटी मोठी केली. वाटी निम्म्याच्या वर भरलेली होती. हंगाम चांगला दिसतोय.